ताईंच्या नावाचं लायसन्स

ताईंची अक्कलदाढ काढली त्या दिवशी अर्धं तोंड बधिर होतं आणि कारखान्यातून फोनवर फोन येत होते. तासभर बोलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग ताई दवाखान्याच्या बाकावर बसून कागदावर लिहायच्या आणि शेजारी बसलेला त्यांचा नवरा ते फोनवर वाचून दाखवायचा. चार नंबरला आधी पिवळी झाकणं घ्या, मग तपकिरी. सात नंबरचा साचा उतरवू नका, परवा पुन्हा तोच लागणार आहे. तिसऱ्या फोननंतर नवरा म्हणाला, "अगं, आता मलाही पगार द्यायला सांग तुझ्या भावाला." ताईंना हसू आलं, पण हसताही येईना.

कारखाना ताईंच्या थोरल्या भावाचा. सगळे त्याला दादा म्हणत, ताईही दादाच म्हणत. तिथे प्लास्टिकच्या बाटल्या आणि झाकणं बनत. नऊ मशीन, दोन शिफ्ट. ताई लग्नानंतर दोन वर्षांनी "चार दिवस मदतीला" म्हणून आल्या होत्या, त्याला बावीस वर्षं झाली. त्यांच्याकडे प्लॅनिंग होतं, म्हणजे कुठल्या मशीनवर कुठला साचा कधी चढवायचा आणि कुठला रंग कुठल्या रंगानंतर घ्यायचा ते ठरवणं. पांढऱ्यानंतर काळा घेतला तर काही बिघडत नाही. काळ्यानंतर पांढरा घ्यायचा तर मशीन तीन तास साफ करत बसावं लागतं, नाहीतर पांढऱ्या झाकणांवर राखाडी रेघा येतात आणि सगळा माल परत येतो. म्हणून फिक्याकडून गडदाकडे जायचं. हे ऐकायला सोपं, पण नऊ मशीन, साठ-सत्तर साचे आणि "मला उद्याच पाहिजे" म्हणणारी गिऱ्हाइकं एकत्र आली की भल्याभल्यांच्या नाकी नऊ येत.

ताईंचं सगळं प्लॅनिंग भिंतीवरच्या एका मोठ्या पांढऱ्या फळ्यावर असायचं. प्रत्येक मशीनची एक ओळ आणि त्यावर चुंबकाच्या रंगीत पट्ट्या. त्या नसल्या आणि काही अडलं तर सकाळच्या शिफ्टचे सुपरवायझर, ज्यांना सगळे मिशीवाले म्हणत, दोन पट्ट्या इकडच्या तिकडे करून वेळ निभावून न्यायचे. चुकलं तर दुसऱ्या दिवशी ताईंची बोलणी खायचे.

एकदा गावातल्या तांत्रिक विद्यालयाचे प्राचार्य तीसेक विद्यार्थी घेऊन कारखाना बघायला आले. दादा बाहेर गेला होता, म्हणून ताईंनीच सगळं दाखवलं. फळ्यापाशी उभ्या राहून त्यांनी एकाच्या हातात काळी पट्टी दिली आणि ती कुठे लावशील ते सांग म्हणाल्या. त्याने लावली, तशी दुसरीने हात वर करून चूक दाखवली, मग तिसऱ्याने तिची चूक काढली. पाऊण तास कसा गेला कुणालाच कळलं नाही. आठवड्याने प्राचार्यांचा फोन आला. पुढच्या सत्रापासून प्लॅनिंगचा विषय सुरू करायचा होता. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी दोन तास. ताई शिकवतील का?

ताईंचं शिक्षण मध्येच सुटलं होतं. शिकवायला कुणी बोलावेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला माणूस. तो उठला आणि कपाटातून खडू-डस्टरची एक जुनी पेटी काढून ती पुसत बसला. "आता खडू कोण वापरतं?" असं ताईंनी म्हटल्यावरसुद्धा पुसत राहिला.

दादानेही नाही म्हटलं नाही. दादा वाईट माणूस नव्हता. "तुझ्याशिवाय चालेल अशी सोय कर," तो म्हणाला, "आणि खुशाल जा."

सोय म्हणजे काय, ते ताईंना ठाऊक होतं. मोठ्या कारखान्यांत हे काम आता सॉफ्टवेअर करतं. ऑर्डरी आत टाकायच्या, कुठलं मशीन कधी मोकळं ते त्याला माहीत असतं, आणि ते आपोआप वेळापत्रक लावून देतं. दादाने सांगितलं, किती खर्च येतो ते काढ, मग बघू.

हे "किती" काढायला ताईंना दीड महिना लागला. त्यांनी तीन कंपन्यांना फोन केले. तिघांनीही किंमत सोडून बाकी सगळं सांगितलं. किंमत विचारली की म्हणायचे, ते तुमच्या गरजेवर आहे. तिसऱ्या कंपनीचा विक्रेता, एक घामेजलेला, पण प्रामाणिक वाटणारा माणूस, प्रत्यक्ष येऊन बसला तेव्हा कुठे उलगडा व्हायला लागला. जाहिरातीत असते ती किंमत दारापर्यंतची. आत शिरायची वेगळी. एका माणसाने वापरायचं लायसन्स दर महिन्याला इतके, म्हणजे जितकी माणसं तितक्या पट. मग ते बसवायला त्यांचा इंजिनिअर येणार, त्याची रोजची फी. आपली सगळी माहिती त्यात भरायची, त्याचे वेगळे. माणसांना शिकवायचं, त्याचे वेगळे. आपल्या पद्धतीप्रमाणे काही बदलून हवं असेल, तर ते तर बोलूच नका. आणि दर वर्षी देखभाल. ताईंनी सगळं मांडलं तेव्हा लक्षात आलं, की जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते ती रक्कम एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही नव्हती.

त्यांनी दादासाठी एक कागद तयार केला. वापरणारी माणसं पाच: त्या स्वतः, दोन शिफ्टचे दोन सुपरवायझर, स्टोअर सांभाळणारा आणि माल पाठवणारा. माहिती भरायचं काम कंपनीकडे. प्रशिक्षण पाच दिवस.

दादाने चष्मा लावून कागद दोनदा वाचला. त्या वर्षी प्लास्टिकच्या दाण्याचा भाव चढला होता आणि एक जुनं गिऱ्हाईक सुटलं होतं. त्याने पेन काढलं आणि पाचाचा एक केला. "सगळ्यांना कशाला? तू बघशील आणि त्यांना सांगशील." माहिती भरायच्या ओळीवर काट मारली. "तुझ्याएवढं कुणाला माहीत आहे? तूच भर." पाच दिवसांचा एक दिवस केला. शेजारी वहिनी बसल्या होत्या. त्या हिशेब बघायच्या. त्यांनी विचारलं, एवढं सगळं तिच्यावर टाकताय? दादा म्हणाला, "ती घरचीच आहे."

ताईंनी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण आकडा अर्ध्याहून खाली आला होता आणि दादाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. नाही म्हटलं असतं तर सगळंच बारगळलं असतं. त्यांना वाटलं, आधी आत तर शिरू. करार तीन वर्षांचा झाला.

मग माहिती भरणं सुरू झालं. सहाशे चाळीस वस्तू. प्रत्येकीचा साचा कुठला, दाणा कुठला, रंग कुठला, तासाला नग किती, साचा बदलायला वेळ किती. बावीस वर्षांत जे डोक्यात साठलं होतं ते ताई एकेका चौकोनात टाकत होत्या, आणि रोजचं काम होतं तसंच चालू होतं. दोन नंबरचं मशीन जुनं होतं. सगळे त्याला म्हातारी म्हणत. ती सकाळी झपाझप चालायची आणि दुपारी तापली की निम्म्यावर यायची. सॉफ्टवेअरला एकच आकडा हवा होता. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, सरासरी टाका. ताईंनी सरासरी टाकली. त्यामुळे म्हातारीचं वेळापत्रक सकाळी एका बाजूने चुकायचं आणि दुपारी दुसऱ्या.

त्या इंजिनिअरच्या एका दिवसाची फी ताईंच्या आठवड्याच्या पगाराएवढी होती. हे त्यांना बिल बघितल्यावर कळलं. मग त्यांनी आपला जुना कागद काढून बघितला. त्यात इंजिनिअरचे दिवस होते, विजेच्या कनेक्शनचा खर्चसुद्धा होता. त्यांचे स्वतःचे सहा महिने कुठेच नव्हते. दादाने खोडले म्हणून नव्हे. त्यांनी स्वतःच लिहिले नव्हते.

विद्यालयाचं सत्र सुरू झालं तेव्हा चारशे वस्तू भरून झाल्या होत्या. ताईंनी प्राचार्यांना एका सत्राची मुदत मागितली. ते म्हणाले, ठीक आहे, थांबतो.

सॉफ्टवेअर चालू झालं आणि चांगलं चाललं. ते खोटं नाही. जे वेळापत्रक लावायला ताईंना अर्धा दिवस लागायचा ते चार मिनिटांत पडद्यावर यायचं. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. पाहुण्यांचं लक्ष पडद्याकडेच जावं म्हणून भिंतीवरचा फळा काढून गोदामात नेला.

अडचण दुसऱ्याच दिवशी कळली. फळ्याकडे कुणीही मान वर करून बघू शकत होतं. पडदा एकच होता आणि तो ताईंच्या टेबलावर. सकाळी सातला शिफ्ट सुरू होताना मिशीवाले आणि मागे चार जण टेबलापाशी उभे. दुपारी तीनला दुसरी शिफ्ट, पुन्हा रांग. कागदावर छापून भिंतीला लावायचं ठरलं, तर दहा वाजता एखादं मशीन बंद पडायचं आणि कागद रद्दी व्हायचा. आधी मिशीवाले दोन पट्ट्या हलवून मोकळे व्हायचे. आता हलवायला काही नव्हतंच. लायसन्स एक, नाव ताईंचं, आणि आत शिरताना दर वेळी सहा आकडी कोड यायचा तोही ताईंच्याच फोनवर. पंधरा मिनिटं कुणी हात लावला नाही की सॉफ्टवेअर आपणहून बंद व्हायचं. मग पुन्हा कोड.

पूर्वी ताई नऊला यायच्या. आता सातला यायला लागल्या आणि तीनची रांग संपल्याशिवाय उठता येईना. सुट्टीच्या दिवशी मशीन बंद पडलं की जावं लागे. नवरा एकदा म्हणाला, सुटायला म्हणून गेलीस आणि कडी आतून लावून घेतलीस. ताई चिडल्या नाहीत. तसंच तर झालं होतं.

दादाकडे त्या दोनदा गेल्या. निदान सुपरवायझरांना तरी लायसन्स दे म्हणाल्या. दादाने चौकशी केली. कराराच्या मध्ये वाढवायची तर दर दुप्पट. पुढच्या वर्षी बघू, तो म्हणाला, आणि आवाज खरोखरच दिलगिरीचा होता.

पुढचं सत्र पंधरा दिवसांवर आलं. ताईंनी सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याला फोन लावला. त्यांना एवढंच हवं होतं, की लायसन्सवर त्यांच्याऐवजी मिशीवाल्यांचं नाव टाकावं. विक्रेता म्हणाला, नाव वर्षातून एकदाच बदलता येतं, आणि तेही मालकांनी लेखी मागितलं तर. मग जरा घुटमळला. "मी सही करतानाच विचारलं होतं मॅडम. एकच माणूस ठेवताय, उद्या त्या सोडून गेल्या तर काय कराल? साहेब म्हणाले, ती कुठे जाते."

ताईंनी फोन ठेवला. आधी राग आलाच नाही. आधी त्यांनी मनातल्या मनात तपासून पाहिलं, की हे खरं आहे का. बावीस वर्षांत त्या कुठे गेल्या होत्या? कुठेच नाही. मग मात्र राग आला, आणि पुढे कितीतरी दिवस तो तसाच राहिला.

नाव बदलून द्यायला दादाने नकार दिला नाही. तुझं पहिलं सत्र होऊ दे, मग बघू म्हणाला. त्याच्या "बघू"ची ताईंना सवय होती. त्यांनी पासवर्ड मिशीवाल्यांना दिला आणि शिकवायला गेल्या. पासवर्ड चालला, पण कोड ताईंच्याच फोनवर येणार.

पहिल्या तासाला एकतीस मुलं-मुली होती. ताई खडू हातात घेऊन बोलायला लागल्या आणि चौथ्या वाक्याला फोन थरथरला. त्यांनी "एक मिनिट" म्हणून मिशीवाल्यांना फोनवर आकडे वाचून दाखवले. वीस मिनिटांनी पुन्हा. दुसऱ्या तासाला चारदा. मिशीवाले बिचारे जपून वापरायचे, पण पंधरा मिनिटांची घंटा कुणाच्या हातात नव्हती. तिसऱ्या आठवड्यात पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, मग त्या सॉफ्टवेअरचा नक्की फायदा काय झाला?" प्रश्न खोचक नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. ताईंनी उत्तर द्यायला सुरुवात केली. फायदा आहे, त्या म्हणाल्या, पण किंमत कुठे कुठे लपते ते आधी बघावं लागतं. तेवढ्यात फोन वाजला. कोड सांगून त्या वळल्या तर आपण काय म्हणत होतो तेच आठवेना.

महिना संपला तेव्हा प्राचार्यांनी त्यांना खोलीत बोलावलं. फार अदबीने बोलले. ताईंसारखं शिकवणारं माणूस मिळत नाही, असंही म्हणाले. "पण तुम्ही इथे असता तेव्हा इथे नसता," ते म्हणाले. उरलेलं सत्र त्यांनी दुसऱ्या शिक्षकाकडे दिलं.

त्या दिवशी ताई तीनच्या रांगेला वेळेवर पोचल्या. दुसऱ्या दिवशी मिशीवाले एक गोष्ट सांगायला आले. मशीन थांबलं की कारण मशीनवरच्या बटणांवरून सॉफ्टवेअरमध्ये नोंदवायचं असतं; त्याला लायसन्स लागत नाही. त्यात "योजना मिळाली नाही" असंही एक कारण होतं, आणि गेले चार महिने ते इमानेइतबारे तेच नोंदवत होते. कुणी बघत नव्हतं, पण सॉफ्टवेअर बेरीज करत होतं.

ताईंनी बेरीज काढली. चार महिन्यांत मशीन एकूण एकशे अठ्ठ्याऐंशी तास नुसती उभी होती. बिघाड नाही, माल संपलेला नाही. फक्त पुढे काय घ्यायचं ते ताईंच्या टेबलापाशी रांगेत कळण्याची वाट बघत. एका तासाला मशीन किती कमावतं ते वहिनींकडून घेतलं. गुणाकार केला. तेवढ्यात दुप्पट दराने चार लायसन्स वर्षभर घेऊनही वर बरंच उरलं असतं.

हा कागद घेऊन त्या दादाच्या खोलीत गेल्या. वहिनीही होत्या. दादाने चष्मा लावला, वाचलं, आकडे बोटाने धरून पुन्हा वाचलं.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू पाचाचा एक केलास."

ताईंना वाटलं होतं, इथे थांबावं. पण तोंडातून निघून गेलं. "ती कुठे जाते, असं म्हणालास तू त्या माणसाला."

वहिनींनी दादाकडे बघितलं. दादाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणालो असेन," तो म्हणाला. "गेली असतीस का?"

"ते तू मला विचारायचं होतंस."

खालून मशीनांचा आवाज येत होता, आणि एक थांबलेलं होतं ते तिघांनाही ऐकू येत होतं.

दादाने चार लायसन्स घेतली. विक्रेता पुरवणी करार घेऊन आला. त्यात एक ओळ होती: मुख्य व्यवस्थापक. कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही हे ठरवणारा माणूस. अडचण आली की पहिला फोन त्याला. तिथे ताईंचं नाव आधीच छापलेलं होतं. दादा म्हणाला, ही तर बढती झाली. ताईंनी पेन घेतलं, आपलं नाव खोडलं आणि दादाचं लिहिलं, त्याच्या फोन नंबरासकट.

"मला काय कळतंय त्यातलं?" दादा म्हणाला.

"मलाही कळत नव्हतं."

दादाने सही केली.

यातून ताई सुटल्या असं म्हणणं बरोबर होणार नाही. चौघांना शिकवायला तीन महिने गेले. दादाचा फोन वाजला की तो जिना उतरून ताईंच्या टेबलापाशी येतो, फोन पुढे धरतो आणि याचं काय करू विचारतो. एकदा त्याने भलतंच बटण दाबलं आणि बुधवारचं सगळं वेळापत्रक पुसलं गेलं. ते ताईंनीच बसून पुन्हा लावलं. पण सकाळी सातला आता रांग नसते. सुपरवायझर आपापल्या पडद्यावर बघतात आणि चुकतात, आणि चुका आपल्या आपण निस्तरतात. ताई नऊला येतात.

विद्यालयातली जागा भरली होती. प्राचार्यांनी शनिवारचा एक वर्ग देऊ केला, दोन तासांचा, ज्यांना हवं त्यांनी यावं असा. चौदा जण येतात. ताई अभ्यासक्रमातला एक तास सॉफ्टवेअरच्या खर्चाला देतात. मुलं आकडे मांडतात, आणि कुणी ना कुणी आपल्या माणसांचे तास लिहायला विसरतंच. ताई ती ओळ स्वतः भरत नाहीत. फळ्यावर जागा मोकळी ठेवतात आणि वाट बघतात.

करार संपायला अजून एकोणीस महिने आहेत. मागच्या मंगळवारी विक्रेत्याचा कागद आला: आत्ताच सही केली तर पुढच्या तीन वर्षांसाठी दरात मोठी सूट. दादाने तो ताईंच्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाला, तू बघ आणि सांग. जाता जाता दारात थांबला. "म्हणजे," तो म्हणाला, "विचारतोय."

कागद अजून टेबलावर आहे. ताईंनी काही सांगितलेलं नाही.